शिपायाला अटकेचा कायदा कशाला?

अटकेचा कायदा हा फौजदाराचा विषय, शिपायाचा त्याच्याशी संबंध हुकूम पाळण्यापुरता, असं माझं बरीच वर्षं मत होतं. पोलीस प्रशिक्षण केंद्रात विधी निदेशक म्हणून वर्गावर जायचो तेव्हा शिकवायचोही तसंच. नवप्रविष्ट शिपायांकडून गुन्ह्यांची कलमं पाठ करून घ्यायची, दखलपात्र कुठलं आणि अदखलपात्र कुठलं ते एकेकाला उभं करून विचारायचं, जामीनपात्र-अजामीनपात्रची उजळणी घ्यायची. अटकेच्या प्रकरणाशी आलं की मात्र दोन वाक्यांत मोकळं व्हायचं. अटक साहेबांच्या हुकमाने होते. हुकूम झाला की माणूस ताब्यात घ्यायचा आणि ठाण्यात आणून हजर करायचा. आज मी याच्या उलट बोलतो. शिपायाला पहिल्या महिन्यातच अटकेचा कायदा शिकवावा, आणि त्यातही अटक कधी करायची नाही हे आधी शिकवावं, असं माझं म्हणणं आहे. मत फिरलं कसं ते सांगायला हवं, कारण जुन्या मताची माणसं खात्यात आजही पुष्कळ आहेत आणि ती वाईट माणसं नाहीत.

त्या मतामागे भीती होती. भरतीला येणारं पोर बारावी झालेलं, अठरा-एकोणीस वर्षांचं, शेतात नाहीतर अकादमीच्या मैदानावर धावून धावून छाती-उंचीत बसलेलं. सुटीवर गावी गेलं की कालपर्यंत ‘ए’ म्हणणारी माणसं ‘साहेब’ म्हणायला लागतात. अशा पोराच्या हाती ‘वॉरंटाशिवाय अटक करता येते’ एवढं वाक्य दिलं तर ते घेऊन तो कुठे जाईल? भावकीच्या भांडणात, मित्राच्या उसनवारीच्या वसुलीत, बहिणीच्या सासरी. ठाण्यात काम करताना असे प्रकार मी पाहिले होते. म्हणून माझा हिशेब सरळ होता: अधिकाराबद्दल याला जितकं कमी कळेल तितके लोक सुरक्षित. बाह्यवर्गातले कवायत निदेशकही हेच म्हणायचे, त्यांच्या शब्दांत. आधी शिस्त अंगात भिनू दे, कायदा नोकरीत आपोआप येतो.

हा हिशेब कायद्याने कधी मान्य केलेला नाही, ही गोष्ट मी जाणून होतो पण तिच्याकडे नीट बघितलं ते २०२४ मध्ये. १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या आणि आम्हा सगळ्या शिकवणाऱ्यांना जुन्या टिपणवह्या बाजूला ठेवाव्या लागल्या. ४१ चं ३५ झालं, ४१ अ ची नोटीस ३५ (३) मध्ये गेली, ३२३ चं ११५ (२) झालं. आकडे नव्याने पाठ करताना मजकूरही पहिल्यापासून वाचला गेला. सुरक्षा संहितेचं कलम ३५ म्हणतं की कोणताही पोलीस अधिकारी अमुक परिस्थितीत वॉरंटाशिवाय अटक करू शकतो. त्यात हुद्दा नाही. जिथे हुद्दा हवा आहे तिथे कायद्याने तो स्पष्ट लिहिला आहे: तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस अशक्त किंवा साठीच्या पुढचा असेल तर उपअधीक्षकाच्या परवानगीशिवाय अटक नाही. बाकी ठिकाणी शिपाई आणि निरीक्षक एकाच ओळीत उभे आहेत.

आपल्याकडे शिपायाची आधी नेमणूक होते, मग तो प्रशिक्षणाला येतो. म्हणजे माझ्या समोरच्या बाकावर बसलेलं पोर कायद्याच्या लेखी पोलीसच होतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम २८ तर सांगतं की रजेवर किंवा निलंबित नसलेला पोलीस सदैव कामावर आहे असं समजायचं. रजेवर नसलेला प्रशिक्षणार्थीही त्यात आला. मग मी वर्गात गप्प राहिल्याने त्याचा अधिकार कमी होत नव्हता. त्या अधिकाराच्या मर्यादा तेवढ्या त्याला कळत नव्हत्या.

हे पुस्तकातून समजलं, पण पटलं ते एका पोराच्या बोलण्यातून. प्रशिक्षणार्थींना प्रत्यक्ष कामाची ओळख व्हावी म्हणून ठाण्याला जोडून देतात. तिथून परतल्यावर मी वर्गात विचारायचो, काय पाहिलंत, काय केलंत. एकाने उत्साहाने सांगितलं, “सर, आरोपी सांभाळला.” ठाण्याच्या मागच्या व्हरांड्यात बाकावर एक माणूस बसवलेला होता. हवालदारांनी याला सांगितलं, याचा हात धर आणि सोडू नकोस. पोराने दुपारभर त्या माणसाचं मनगट धरून ठेवलं. पाणी प्यायला नेलं तेव्हाही धरलेलं, लघवीला नेलं तेव्हाही धरलेलं. घामाने हात निसटायला लागला तेव्हा त्याने रुमाल मध्ये घेतला.

मी विचारलं, “गुन्हा काय होता त्याचा?”

“माहीत नाही सर.”

“अटक झाली होती?”

“नाही सर, नुसता बसवला होता. चौकशीला.”

वर्गात कुणालाच यात वावगं वाटलं नाही. पोराने हुकूम चोख पाळला होता आणि मी तेच शिकवलं होतं. पण सुरक्षा संहितेचं कलम ४३ घ्या. अटक करायची म्हणजे काय, तर त्या माणसाच्या शरीराला स्पर्श करायचा किंवा त्याला अडवून धरायचं. तो शब्दाने किंवा कृतीने स्वतःहून ताब्यात आला तरच स्पर्शाची गरज नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच, कस्टम्सच्या एका प्रकरणात, सांगून ठेवलं आहे की माणसाचं जाणं-येणं अडवलं की अटक सुरू झाली, मग तुम्ही त्याला चौकशी म्हणा नाहीतर आणखी काही. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याचं घड्याळ तिथून चालू होतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मधलं घड्याळ आहे ते. म्हणजे त्या व्हरांड्यात माणसाचं स्वातंत्र्य प्रत्यक्ष ज्याच्या मुठीत होतं तो माझा विद्यार्थी होता, आणि त्याला त्या माणसाचं नावही माहीत नव्हतं.

पुढचं आणखी गंभीर आहे. ते बसवून ठेवणं बेकायदा होतं असं उद्या कोर्टाने ठरवलं, तर अन्यायाने अडवून ठेवणं हा न्याय संहितेच्या कलम १२७ खालचा गुन्हा आहे. अधिकाराच्या जागेवरच्या माणसाने, कायद्याविरुद्ध वागतोय हे ठाऊक असताना, वाईट हेतूने कुणाला कैदेत ठेवलं तर कलम २५८ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गुन्ह्यांची यादी पाठ करून घेताना ही कलमं मी घ्यायचो, पण दुसऱ्याचे गुन्हे म्हणून. खाकीतला माणूस कुठल्या गुन्ह्यात सापडू शकतो, हा धडा मी कधी वेगळा काढून शिकवला नव्हता. बेकायदा हुकूम पाळला म्हणून माणूस सुटत नाही, हे त्या वयाच्या पोराला कुणी सांगायचं? आईबाप सांगणार नाहीत, त्यांना नोकरी लागल्याचा आनंद आहे. ठाण्यातला जुना हवालदार सांगणार नाही. उरतो तो वर्ग.

तेव्हापासून मी शिकवण्याची रीत बदलली. यादी ठेवली, पण प्रसंगातून शिकवायला लागलो. एक प्रसंग इथे सविस्तर सांगतो, कारण अटक हा शिपायाचा विषय आहे की नाही याचा निकाल माझ्यापुरता त्यात लागला.

आठवडी बाजार आहे. गर्दीत आरडाओरडा होतो. लोकांनी विशीतला एक पोरगा धरलाय, दोन-चार थोबाडीत बसल्यात, ओठ फुटलाय. एकाच्या हातात मोबाईल आहे. तुम्ही गणवेशात, एकटे. लोक म्हणतात, साहेब, चोर आहे, घ्या ताब्यात. काय कराल?

वर्ग एका सुरात म्हणतो, ताब्यात घेणार सर.

कशाखाली? चोरी. ठीक. मोबाईल खिशातून काढला की हातातून हिसकावला? हिसकावला असेल तर न्याय संहितेत त्याला आता वेगळं कलम आहे, ३०४, दखलपात्र आणि अजामीनपात्र. अलगद खिशातून काढला असेल तर ३०३. आणि ३०३ मध्ये नवी गोष्ट अशी की चोरीचा माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल तर गुन्हा अदखलपात्र होतो, म्हणजे वॉरंटाशिवाय अटकच नाही. इथपर्यंत आलो तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “सर, मोबाईलची किंमत मी बाजारात उभी राहून ठरवायची का? घेतला तेव्हाची धरायची की आजची?”

प्रश्न इतका सरळ होता की वर्ग शांत झाला. पडद्याला तडा गेलेला, दोन वर्षं वापरलेला फोन. बिल घरी, नाहीतर नाहीच. घेतला तेव्हा अकरा हजारांना, आज विकायला गेलं तर तीन. एका उत्तरात तो पोरगा कोठडीत जातो, दुसऱ्या उत्तरात त्याला वॉरंटाशिवाय हातही लावता येत नाही. आणि हे उत्तर ज्या क्षणी लागतं त्या क्षणी निरीक्षक ठाण्यात असतो, फौजदार दुसऱ्या तपासावर असतो. बाजारात शिपाई असतो. ज्याला मी ‘साहेबांचा विषय’ म्हणत आलो तो निर्णय रोज, गावोगाव, सगळ्यात खालच्या हुद्द्याच्या माणसाला दोन मिनिटांत घ्यावा लागतो.

त्या मुलीला मी जे सांगितलं ते असं: किंमत तू ठरवायची नाहीस, पण किमतीचा प्रश्न आहे हे तुला कळलं पाहिजे. ज्याचा फोन आहे त्याला विचारायचं, कधी घेतला, केवढ्याला. ते लिहून घ्यायचं, ठाणे अंमलदाराला फोनवर सांगायचं. तोवर पोरगा गर्दीच्या हातातून आपल्याकडे घ्यायचा, कारण त्या घडीला त्याला सगळ्यात मोठा धोका गर्दीचा आहे. सुरक्षा संहितेचं कलम ४० वाच. अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा डोळ्यासमोर घडला तर सामान्य माणूसही गुन्हेगाराला धरू शकतो, पण विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली केला पाहिजे. आणि हवाली झाल्यावर पोलिसाने आपणहून विचार करायचा आहे. कलम ३५ मध्ये बसत असेल तर ताब्यात घ्यायचा. काही गुन्हा केला आहे असं मानायला पुरेसं कारणच नसेल तर ताबडतोब सोडायचा. लोकांनी धरून दिला म्हणून तो आपोआप आरोपी होत नाही. त्याचा फुटलेला ओठ हीसुद्धा नोंद घेण्याची गोष्ट आहे, आणि अटक झालीच तर वैद्यकीय तपासणीत तो ओठ कुणी फोडला हा पहिला प्रश्न तुलाच येणार आहे.

खेड्यातलं दुसरं नेहमीचं प्रकरण बांधाचं. एकाने बांध कोरला, दुसरा धावून आला. ११२ वर फोन गेला. हाताने मारलं असेल तर ११५ (२), अदखलपात्र, एन.सी. घ्यायची. कोयता चालला असेल तर ११८, दखलपात्र. जखम तेवढीच दिसली तरी कायदा वेगळा. एन.सी. मध्ये अटक करता येत नाही म्हटलं की पोरं लगेच म्हणतात, मग सर एकशे एकावन्न लावायची. ठाण्यात ऐकलेलं असतं. आता ते सुरक्षा संहितेत १७० आहे. दखलपात्र गुन्हा करण्याचा बेत आहे हे तुम्हाला समजलं असेल आणि अटकेवाचून तो टाळता येत नसेल, तरच ते कलम. दोन्ही गोष्टी लागतात. एन.सी. मध्ये आत टाकता येत नाही म्हणून मागच्या दाराने आत टाकण्यासाठी ते कलम नाही, हे मी आता पहिल्याच आठवड्यात सांगतो.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल मी पूर्वी नावापुरते सांगायचो. आता जोगिंदर कुमारचा १९९४ चा निकाल गोष्टीसारखा सांगतो: एक तरुण वकील चौकशीला म्हणून बोलावला गेला आणि पाच दिवस पोलिसांकडेच राहिला. न्यायालय तेव्हा म्हणालं की अटक करण्याचा अधिकार असणं वेगळं आणि अटकेचं समर्थन करता येणं वेगळं. त्याच निकालात राष्ट्रीय पोलीस आयोगाच्या तिसऱ्या अहवालाचा दाखला आहे. जवळजवळ ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय होत्या, आणि तुरुंगांच्या खर्चातला ४३.२ टक्के खर्च अशांवर होत होता. हे आकडे मी फळ्यावर लिहितो आणि पुसत नाही. मग २०१४ चा अर्नेश कुमारचा निकाल येतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात यांत्रिकपणे अटक करायची नाही, कारणं लिहायची, नाहीतर खात्याची कारवाई आणि न्यायालयाचा अवमान. कलम ३५ मध्ये हे आता अंगभूत आहे: अटक का हवी याची कारणं लिहायची आणि अटक केली नाही तर का केली नाही याचीही लिहायची. न केलेल्या अटकेची नोंद! शिपाई झालेल्या पोराला हे सांगितलं की त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा दिसतं की अटक न करणं हेसुद्धा पोलिसाचं काम आहे, कामचुकारपणा नव्हे.

माझे जुने सहकारी दोन आक्षेप घेतात. पहिला वेळेचा. पहाटे पीटी, मग परेड, शस्त्र कवायत, श्रमदान. दुपारच्या तासाला पोरं डोळे उघडे ठेवून झोपतात, ती काय कायदा शिकणार? हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्याचं उत्तर वेळापत्रकात आहे, अभ्यासक्रम कापण्यात नाही. कायद्याचा तास सकाळी ठेवा. दुसरा आक्षेप शिस्तीचा. शिपाई कायदा बोलायला लागला तर हुकूम कोण पाळणार? दंगलीत, बंदोबस्तात, लाठीचार्जच्या वेळी कलमाची चर्चा करत बसता येत नाही, हे मीही म्हणतो. कवायतीवरचा माझा विश्वास तसूभरही कमी झालेला नाही. जमावापुढे उभं राहायचं तर पाय आपोआप जागेवर राहायला हवेत आणि ते परेडनेच होतं. पण एका माणसाला घरातून उचलून आणणं म्हणजे दंगल नाही. तिथे विचार करायला वेळ असतो.

जुन्या भीतीतला एक भाग मी अजून सोडलेला नाही. नवं पोर एकटं अटकेला पाठवू नये, अटकेच्या कागदावर त्याची एकट्याची सही असू नये. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची वेळ आली तर तिथे प्रशिक्षणार्थी मुलीला ‘महिला पोलीस हजर’ एवढं दाखवायला उभं करू नये. तशी अटक अपवादानेच करायची असते, महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची असते. नुसती साडीतली नाहीतर खाकीतली एक बाई बाजूला असली की भागलं, असं नाही.

भाषेचाही विचार मी नव्याने करायला लागलो. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्यायची आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची, गुन्हा कुठल्याही कायद्याखालचा असो. आमच्या वर्गात गोरमाटी बोलणारी पोरं असतात, कोकणी, अहिराणी, गोंडी, पावरी बोलणारी असतात. आजवर मी त्यांना वर्गात प्रमाण मराठीत बोलायला लावत होतो. आता उलट सांगतो: तुझी भाषा येणारा माणूस उद्या कोठडीत येईल आणि ठाण्यात ती येणारा तू एकटा असशील. म्हणून त्यांच्याकडून अटकेची कारणं त्यांच्या त्यांच्या बोलीत मोठ्याने म्हणवून घेतो. ‘तुला का धरलंय’ हे आपल्या आजीला समजेल असं सांगता आलं तर कायदा समजला.

राहिला हुकमाचा प्रश्न. व्हरांड्यातल्या त्या पोराने काय करायला हवं होतं? नाही म्हणायचं? नेमणुकीच्या पहिल्या वर्षात हवालदाराला नाही म्हणा, हे सांगणं सोपं आहे. त्या पोराचं पुढे काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून तसं मी सांगत नाही. त्याचं उत्तर कायद्यातच आहे, सुरक्षा संहितेच्या कलम ५५ मध्ये. ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा तपासी अधिकारी आपल्या समोर नव्हे तर अन्यत्र, हाताखालच्या माणसाकडून कुणाला वॉरंटाशिवाय अटक करवून घेत असेल, तर त्याने लेखी आदेश द्यायचा आहे. त्यात अटक करायच्या माणसाचं नाव हवं आणि गुन्हा किंवा कारण हवं. आणि जाणाऱ्याने अटकेआधी त्या आदेशातला मुद्दा त्या माणसाला सांगायचा आहे, मागितला तर दाखवायचा आहे. तोंडी हुकमावर चालणाऱ्या खात्यात हे कलम फार क्वचित उच्चारलं जातं. मीही ते कधी शिकवलं नव्हतं.

आता आम्ही त्याचा सराव घेतो. एक पोर निरीक्षक होतो, टेबलामागे बसतो, आवाज चढवतो. दुसरा समोर सावधान उभा. त्याने शांतपणे म्हणायचं, “साहेब, नाव आणि कलम लिहून देता का? निघताना डायरीला नोंद घेतो.” पहिल्या खेपेला बहुतेकांचा आवाज फुटत नाही. काहीजण ‘सॉरी साहेब’ म्हणून मोकळे होतात. टेबलामागचा पोरगा खऱ्या साहेबांची नक्कल इतकी हुबेहूब करतो की समोरच्याची मान खाली जाते. पुन्हा घ्यायला लावतो. नम्र राहून, नजर वर ठेवून, तेच वाक्य. आदेश मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर कोणी, केव्हा, काय सांगितलं याची नोंद ठाणे दैनंदिनीत वेळेसह करून घ्यायची, आणि ताब्यातल्या माणसाचं नाव, त्याच्या घरच्यांना कळवलं का, हे दोन प्रश्न हवालदारांना विचारायचे. यात उद्धटपणा नाही, शिस्त मोडलेली नाही, आणि विचारणाराही सुरक्षित राहतो.

अंतिम परीक्षेत लेखी पेपर आहे, कवायतीची परीक्षा आहे, गोळीबार आहे. त्यात या सरावालाही गुण असावेत, अशी लेखी मागणी मी दिली आहे. पेपरात कलम ५५ ची व्याख्या विचारून भागणार नाही. पोराला उभं करून, समोर साहेब बसवून, ते वाक्य म्हणायला लावायला हवं.